ब्रेक नसलेला बैल

हसू नका बे, पण ऐका. माही पोरगी पिहू पाच वर्षांची. सेरेब्रल पाल्सीमुळे तिले आधाराशिवाय चालता येत नाही. म्हणून मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याले, पोरं लाकडी बैल मिरवतात त्या सणाले, मी पाइपाचा चाकवाला वॉकर बनवला, समोर लाकडी बैल बांधला. आमची गल्ली उतरती, अन् ब्रेक बसवायचा राहून गेला.

गल्लीच्या खालच्या टोकाले बांधलेलं तोरण पहिल्यांदा तोडायचा मान पाटलाच्या नातवाच्या बैलाचा. तो बैलाचा हार नीट करून राह्यला होता, तेवढ्यात पिहू सुसाट गेली अन् तोरण तोडूनच थांबली.

पाटील म्हणाले, "कोणाचा बैल हा?"

गळ्यात तोरण घेऊन पिहू म्हणाली, "माहा."

यंदा मी ब्रेक बसवला. पोळ्याच्या आदल्या दिवशी तिनं तो काढायले लावला.