चौथ्या प्रकरणातला बाण

— तेच तर सांगतोय, बारा मार्कांच्या प्रश्नाला शून्य पडलं म्हणून म्हाताऱ्या मास्तराच्या दारात येणारी तू काही पहिली नाहीस. बस. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो — इकडे बस. नायगावहून उन्हातनं आलीस, सुकेळी घे. घरची नाहीत हं, वाडीत आता केळी कुठे राहिली, पण आहेत पापडीच्या बाजारातलीच. तर काय म्हणत होतो — दूरशिक्षणाच्या एम.ए.ला तुम्ही सगळे नोकऱ्या सांभाळून बसता, आंतरराष्ट्रीय स्थूल अर्थशास्त्र सगळ्यात शेवटी उघडता, आकृत्या पाठ करता, आणि परीक्षेत बाण भलतीकडे काढून येता. मग येता, इग्नेशियस सर, तुम्हीच बघा ना म्हणत. सर काय बघणार? सत्तरीला आले सर. दोन वर्षं झाली पेपर तपासणं सोडून, डोळे साथ देत नाहीत. पण आणलीच आहेस उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तर दे.

हं. अक्षर चांगलं आहे तुझं, क्षितिजा. अमेरिकेत व्याजदर वाढले, इथला पैसा तिकडे निघाला, डॉलर महाग झाला, म्हणून बाण वर — अगं, हे तर बरोबर आहे. थांब, परत बघू दे. उभ्या रेषेवर एका डॉलरचे रुपये, बाण वर. बरोबरच आहे. आणि याला शून्य? हे लाल शाईने काय खरडलंय — ‘पुस्तिकेप्रमाणे नाही’. हं. दूरशिक्षणाची ती अभ्यासपुस्तिका माझी. वर नावच आहे माझं. म्हणून आलीस होय. मला वाटलं, नेहमीसारखी — जाऊ दे, काय वाटलं ते.

चौथ्या प्रकरणात बाण खाली गेलाय, ती छापखान्याची चूक आहे, पोरी. छापखानेवाल्यांना बाण वर काय नि खाली काय, सगळं सारखंच — बरं, बरं, तशी बघू नकोस. खाली शब्दांतही लिहिलंय ना, ‘डॉलर स्वस्त होतो’ म्हणून, ते काय छापखान्याने लिहिलं? मीच लिहिलं. आकृती परदेशी पुस्तकातली घेतली. ते लोक दर उलट्या बाजूने मोजतात, आपल्या एका नाण्याला परक्याची किती येतात असं — आणि मी रेषेला नाव दिलं आपल्या रिवाजाचं. पंधरा दिवसांत आठ प्रकरणं हवी होती विद्यापीठाला. आकृतीकडे बघत बघत मजकूर लिहून मोकळा झालो. शेजारच्या सँड्राला विचारलं असतं तरी चुकलं नसतं. शाळा आठवीपर्यंत, पण नवरा जहाजावर, पगार डॉलरमध्ये — तिकडे व्याज वाढलं की बाईचा चेहरा खुलतो. तिला कळतं ते मला कळलं नाही म्हणतेस? कळलं गं. पुढच्याच वर्षी कळलं.

पण त्या वर्षी विभागप्रमुखाची मुलाखत होती माझी. शुद्धिपत्र म्हणजे काय, एक पान, पण ते माझ्या नावाने निघणार. म्हटलं, मुलाखत होऊन जाऊ दे. झाली. मग म्हटलं, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू. ती आवृत्ती कुठली निघते, तीच पुस्तिका छापत राहिले. मग मी आपला तोडगा काढला — पेपर माझ्याकडेच यायचे तपासायला — बाण वर असला तरी मार्क, खाली असला तरी मार्क. कोणाचं नुकसान नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची. अकरा वर्षं. नमुना उत्तर तेवढं पुस्तिकेप्रमाणे ठेवलं, नाहीतर कोणीतरी विचारलं असतं.

आता जॅक्सन तपासतो ना? माझाच विद्यार्थी. हुशार पोरगा, या पेपरात पहिला आला होता. बाण खाली काढून. मार्क मीच दिलेले. दर नाताळला केक घेऊन येतो, सर, तुमच्यामुळे इथवर आलो म्हणतो. दर वेळी ठरवतो, आज सांगायचं. त्याच्यासमोर बसून लाज वाटते मला, खरंच वाटते, आणि मग मी केक खातो.

किती कमी पडले तुला? चार. म्हणजे एम.ए. राहिलं, आणि कॉलेजातली कायमची जागा जूनमध्ये दुसऱ्या कोणाला — हो, कळलं. आणि ऑफिसवाले म्हणतात, लेखकाने चूक लेखी कबूल केली तर बघू. दोन ओळींचं काम. पेन राहू दे, पेन आहे माझ्याकडे. लिहायला वेळ लागत नाही गं, पण मग ते विचारणार, तुम्हाला कधी कळलं. जॅक्सनला विचारणार, तू काय शिकवतोस. आणि तो मला विचारणार. त्याला मी काय सांगू? पॉलिन, माझी बायको, गेल्यापासून या घरात माझ्याशी बोलायला माणूस नाही. चर्चला जाताना रस्त्यात कोणी सर म्हणून थांबवतं, तेवढ्यावर दिवस जातो माझा. तेवढंही घालवून बसू?

बाराच्या लायकीचं उत्तर आहे हे तुझं. स्वतःच्या डोक्याने काढलंस. मी तपासत असतो तर — पण मी तपासत नाही. ऐक माझं. ऑक्टोबरला परत बस. जूनची जागा जाईल, जाऊ दे, जागा निघत असतात. बाण खाली काढ, डॉलर स्वस्त होतो म्हणून लिही, जॅक्सन पूर्ण मार्क देईल. हे घे तुझे कागद. जाताना दार ओढून घे, माझी दुपारी पडायची वेळ झाली.