चौदा नंबरचा डबा

— नाही, आधी बस, वहीचं नंतर बघू. तुझ्या ताईची गाण्याची वही कुठे पळून जात नाही — आणि तो कप नाकापासून हातभर लांब काय धरलायस, शालकबुवा, आलं आणि गवती चहा आहे त्यात. झोप नाही येणार. आलीच तर आत पलंग आहे, दोन आठवडे अर्धा रिकामाच आहे.

तिनं काय काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे. निवृत्त झाल्यावर मी स्वयंपाकघराचं ऑफिस केलं — केलं, मग? ओवा एक, दालचिनी दोन, मिरी तीन, डब्यांना नंबर, दाराला यादी. ती म्हणते, मला वासावर सापडतं. वासावर कारभार चालला असता तर सरकारनं आमच्याऐवजी मांजरं नेमली असती.

त्या दिवशी तिचा घसा बसलेला, संध्याकाळी गाण्याच्या मंडळात निवडीची चाचणी — म्हणाली, ज्येष्ठमधाचा काढा द्या. ज्येष्ठमध चार नंबर, जायफळ चौदा. घाईत चौदा उघडला, चिमूटही जरा मोठीच पडली. दुसऱ्या कडव्याला बाईसाहेब पेटीवर मान टाकून झोपल्या — घोरल्या म्हणे सुरात. हसलास ना? तिच्यासमोर नको हसूस. माणसाची चूक होते.

काय? यादी बघितली नव्हती का? यादी कशाला बघू, पाठ आहे मला. चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळली, एक कागद कधी चुकीच्या फायलीत — तू कापडवाला आहेस की वकील? असा बघू नकोस. निवड झाली असती तर दौरा होता, दोन महिने, सोळा गावं. तेवढे दिवस मी काय करायचं इथं, मिरीची विचारपूस? थोडी जांभई येईल, आवाज जरा खाली लागेल, इतकंच माझं — पेटीवर झोपेल असं नव्हतं वाटलं.

शुक्रवारी परत ऐकणार आहेत तिला? आणि हे तू आत्ता सांगतोस, अर्धा तास कप धरून बसल्यावर? थांब. ही घे वही. हे ज्येष्ठमध, काढा तुझ्या बायकोला करू दे. मघाचं काही बोलू नकोस तिला — मी सांगेन. शुक्रवारनंतर. गाण्याआधी संताप नको, आवाज चिरकतो तिचा. आणि सोळा गावांचं निघालंच तर म्हणावं, खुशाल जा. ऊठ आता. दुकान कोण बघतंय तुझं?