सुटेल इतकंच घट्ट

...आणि वर मलाच सांगते, "आजोबा, तुम्ही नुसते बघा, हात लावू नका." आता तुम्हीच सांगा, हवेचा दाब मोजायच्या उपकरणांवर ज्या माणसानं साडेचारशे पानांचा प्रबंध लिहिला, पस्तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, त्याच्या घरात, त्याच्याच ओटीवर उंचीमापक आणून ठेवायचा आणि म्हणायचं हात लावू नका? म्हणजे भटजींना पाटावर बसवायचं आणि सांगायचं, नुसते बसा, बोलू नका. माझंच चुकत असेल म्हणा. माझं पुष्कळदा चुकतं. त्या प्रबंधातसुद्धा पान दोनशे सतरावर एक चूक आहे, ती परीक्षकांना दिसली नाही, मला अजून दिसते.

तर ही बोलणारी म्हणजे आमची नात, आश्लेषा. वय चोवीस. शिक्षण चांगलं, तब्येत चांगली, डोकंही चांगलं अशी आमची समजूत होती. तर ही मुलगी विमानातून उडी मारते. आणि विमान बिघडलेलं नसतं हो. मी मुद्दाम विचारलं होतं. चांगलं चालू असतं, आत बसायला जागा असते, पायलट शुद्धीवर असतो, तरी ही दार उघडून बाहेर पडते. का? तर म्हणे, "मजा येते, आजोबा." आम्ही चौलमध्ये मजा म्हणून संध्याकाळी रेवदंड्याच्या समुद्रावर जायचो आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहायचो. घोट्याच्या वर पाणी आलं की आई हाक मारायची. त्यालाच आम्ही साहस म्हणत होतो.

बरं, खाडीपलीकडे, दिघीच्या पुढच्या माळावर, महिन्यातून एकदा या उड्या मारणाऱ्यांचं शिबिर भरतं. तिथले गुरू कुलदीप सर. त्यांनी हिला बजावलं होतं, रविवारची एक उडी नीट झाली की परवाना. नाही झाली तर पुढच्या महिन्यात. आणि पुढच्या महिन्यात ही असणार बंगळूरला, मंगळवारी नोकरीवर हजर व्हायचं, वर्षभर रजा नाही. म्हणजे रविवार म्हणजे रविवार. आणि नेमकं काय झालं, तर मुलीचं मनगट बारीक. ते काय माझ्याकडूनच आलंय. मनगटाला बांधलेला उंचीमापक फिरतो आणि त्याची तबकडी तळहाताकडे जाते. जमीन वेगानं वर येत असताना ही बाई हात उलटा करून किती हजार फूट राहिले ते शोधणार! कुलदीप सर म्हणाले, "छातीवरच्या पट्ट्यावर लाव. शनिवारी मी तपासणार. पसंत पडलं नाही तर रविवारी विमानात चढायचं नाही."

आला मग तो हार्नेस आमच्या ओटीवर. हार्नेस म्हणजे पट्ट्यांचं जाकीट म्हणा, पाठीवर हवाई छत्रीचं दप्तर. पुढे दोन मुठी. उजवीकडची मूठ कशाला, तर छत्री बिघडली की तिला सोडून द्यायला. आणि डावीकडची? राखीव छत्री उघडायला. म्हणजे पहिली उघडणार नाही ही शक्यता त्या लोकांनी आधीच शिवून ठेवली आहे, आणि ही मला सांगते काळजी करू नका.

दुपारी ती जेवून झोपली. मी हात लावला.

म्हणजे ठरवून नाही लावला. नुसतं बघत होतो, बघताबघता हात पुढे गेला. पट्टा तिच्या अंगावर कसा बसेल ते कळावं म्हणून मी तो हार्नेस स्वतःच चढवला, मांड्यांचे पट्टे आवळले, आणि कुमुदला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, सांगितलं की तू उशी शिव. कारण उंचीमापक उघडा लावायचा नसतो, छोट्या उशीत बसवायचा आणि उशी पट्ट्यावर. कुमुदनं जुन्या गोधडीच्या कापडाची उशी मशिनवर दहा मिनिटांत शिवली. मी मापक तिच्यात बसवला, उशी पट्ट्यावर ठेवली, चार पावलं... चार पावलं टाकता येत नव्हती, मांड्या बांधलेल्या... तिथूनच म्हटलं, "बघ, दिसतो की नाही स्वच्छ? आकडे सुलटे, शून्य वरती."

कुमुद म्हणाली, "मला अगदी स्वच्छ दिसतंय."

"मग?"

"अहो, पण वर हवेत तिच्यासमोर मी असणार आहे का वाचायला?"

मी मान खाली घालून पाहिलं. माझ्या बाजूनं सगळं उलटं. पडणाऱ्या मुलीला सोडून बाकी सगळ्या जगाला उंची कळेल अशी व्यवस्था मी केली होती. माझंच चुकलं. मी उशी उलटी फिरवली. तर आता उशीनं पट्ट्याची कडी झाकली. पट्टा कडीतून नीट ओवलाय की नाही ते उडीच्या आधी डोळ्यांनी दिसायला हवं, हे आश्लेषानंच सांगितलं होतं, म्हणून उशी सरकवली डावीकडे. तर ती राखीव छत्रीच्या मुठीकडे झुकली. हात मुठीवर जायचा तो उशीवर गेला तर? सरकवली मधोमध, कडीला सोडून, मुठींपासून वीतभर लांब. तिथं बसली. मला एवढा आनंद झाला की मी तिथंच थांबायला हवं होतं.

पण आमच्या वाडीत वाढलेला माणूस थांबत नाही. आमच्याकडे घरामागे विहीर. विहिरीत गेलेली वस्तू परत मिळत नाही, हा आमचा पहिला धडा. म्हणून पोहऱ्याला दोर, तांब्याला दोर, खिशातल्या चावीला दोर, माझ्या चष्म्याला दोर. मला वाटलं, विहीर तीस हात, तर तीस हातांसाठी आपण एवढं बांधतो, इथं दहा हजार फूट, आणि मापक मोकळा? त्यातून तो सुटला म्हणजे? मी रेवदंड्याहून आणलेली जाळ्याची नायलॉनची दोरी काढली, मापकाला एक फास, हार्नेसच्या कडीला एक फास, मध्ये हातभर ढील, म्हणजे उशी फाटली तरी मापक लोंबकळत का होईना, मुलीबरोबर राहील. गाठ अशी मारली की दातांनीसुद्धा सुटणार नाही. सुरक्षित म्हणजे काय, घट्ट. पस्तीस वर्षं मी मुलांना हेच...

एवढ्यात बुधाजी आला. बुधाजी आमच्या पोफळींवर चढतो. साठीचा माणूस, पण एका पोफळीवर चढला की खाली उतरत नाही, झाड वाकवून दुसरीचा शेंडा पकडतो, तिथून तिसरीचा, दुपारपर्यंत चाळीस झाडं करून एकदाच जमिनीवर येतो. तो पाणी प्यायला ओटीवर आला आणि मला बघून थबकला.

"अण्णा, तुमाला कुनी बांधला?"

मी त्याला सगळं समजावलं. दाब, उंची, छत्री, उशी, दोरी. त्यानं शांतपणे तांब्याभर पाणी संपवलं आणि दोरीला बोट लावलं.

"ही कशाला?"

"मापक पडू नये म्हणून."

"आनि हीच अडकली म्हंजे?"

"कशात अडकणार? वर हवा आहे, बुधाजी. हवेत काय अडकतं?"

"तुमीच बोललात छत्रीला दोऱ्या हाईत. त्या सुटतील तवा ही लोंबकळनारी मधी आली म्हंजे?"

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "माजा बा कोयता मनगटाला दोरीनं बांधायचा. पडू नये म्हनून. एकदा माडावर दोरी झावळीत गुतली. बा माडाला, कोयता झावळीला, नि मधी हात. खांदा उखडला त्याचा. खाली उतरवायला पाच मानसं लागली. तवापासून आमच्यात वर जाताना काय बांधत न्हाय." त्यानं पाठ वळवून कमरेची लाकडी आकडी दाखवली, कोयता तिच्यात नुसता अडकवलेला. "धरतो पन धरून ठेवत न्हाय. पडला तर पडला. कोयता बाजारात मिळतो."

तुम्हाला सांगतो, साडेचारशे पानं लिहून मला जे कळलं नाही ते... जाऊ दे. मी म्हटलं, "म्हणजे घट्ट नको?"

"घट्ट व्हया. पन अडकला तर सुटंल इतकाच."

आता माझी पंचाईत बघा. दोन्ही कसं जमायचं? वाऱ्यानं हलता कामा नये आणि ओढलं तर निघून आलं पाहिजे. मी कागद घेतला, वाऱ्याच्या दाबाचं समीकरण मांडलं, पाच ओळी झाल्या, सहाव्या ओळीत उत्तर उणे आलं. माझंच चुकत असणार. तोवर कुमुदनं आश्लेषाच्या पिशवीतून वेल्क्रोची पट्टी काढली, उशीच्या पाठीला लावून पट्ट्याभोवती गुंडाळली आणि कडेला कच्च्या दोऱ्याचे चार टाके घातले. बुधाजीनं उशीला पिशवी अडकवली आणि पिशवीत एक एक नारळ टाकायला लागला. एक, जागची हलली नाही. दोन, नाही. तीन, नाही. चौथ्याला चर्रकन टाके गेले, वेल्क्रो सुटला, उशी, मापक, नारळ सगळं माझ्या पायावर. हार्नेस अजून माझ्याच अंगात होता.

आवाजानं आश्लेषा उठून बाहेर आली. आजोबा पट्ट्यांत बांधलेले, पायाशी चार नारळ, शेजारी तिचा उंचीमापक. तिनं नायलॉनची दोरी उचलली, फास पाहिला, गाठ पाहिली, आणि चेहरा असा झाला की मला बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेचे दिवस आठवले, फक्त खुर्च्या बदलून. "आजोबा, ही दोरी लागली असती तर..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "काढली ती. बुधाजीनं काढायला लावली." मग तिनं उशी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, कुमुदकडून नवे टाके घालून घेऊन पट्ट्यावर परत लावली, अंगावर चढवून दहा वेळा दोन्ही मुठींपर्यंत हात नेऊन पाहिला. म्हणाली, "सर काय म्हणतील ते खरं." त्या वाक्यावर मी दोन दिवस काढले. कारण आता रविवार माझ्या उशीवर टेकला होता. ती नापास झाली तर मुलीचा परवाना बुडाला, आणि पास झाली तर मुलगी उडी मारणार. दोन्हीकडे माझंच नुकसान.

शनिवारी आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीत बसलो. खाडी ओलांडताना मी मांडीवर मापक धरून बसलो होतो. काटा शून्यावर. माळावर पोचल्यावर तो पाऊणशे फूट दाखवायला लागला आणि मी घाबरलो, तर आश्लेषानं खुंटी फिरवून परत शून्य केला. "जिथं उतरायचं तिथलं शून्य, आजोबा." हे मला ठाऊक होतं. पान त्रेसष्टवर आहे.

कुलदीप सर म्हणजे नवी मुंबईचा उंच गडी, बोलायचं कमी, बघायचं जास्त. त्यांनी कडी पाहिली, ओवणी पाहिली, मुठी पाहिल्या, तिला मान खाली घालून आकडा वाचायला लावला. मग बोटांत उशी धरली आणि जोरात ओढली. चर्रकन निघून त्यांच्या हातात आली.

तुम्हाला सांगतो, मी तिथल्या पत्र्याच्या खुर्चीवर बसलो. संपलं. मुलगी बंगळूरला जाईल, दर दिवाळीला म्हणेल आजोबांनी घालवलं. कुमुद पुटपुटली, "उठा, अजून त्यांनी काही म्हटलेलं नाही."

सर म्हणाले, "हे कितीला सुटतं?"

मी उभा राहिलो. काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, "चार नारळांना."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे?"

"सोललेल्या. मध्यम आकाराच्या."

त्यांनी उशी परत लावली, परत ओढली, परत लावली. म्हणाले, "बरोबर आहे. हलत नाही, आणि अडकलं तर सुटेल. टाके नवीन घाला. उद्या चढू दे तिला."

म्हणजे पास. झालं, आता दुसरं नुकसान सुरू.

रविवारी सकाळी विमान गेलं. वर बघायची माझी हिंमत नाही. मी जमिनीकडे बघत होतो. साडेपाच हजार फुटांवर छत्री उघडणार, तोवर साधारण तीस सेकंद, हे गणित मला येतं, दुर्दैवानं. कुमुद म्हणाली, "निघाली." मी मोजायला लागलो. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. काही नाही. एकतीस. मला वाटलं, कच्चा दोरा गेला, उशी गेली, तिला कळतच नाहीये किती राहिलं. बत्तीस.

"उघडली," कुमुद म्हणाली.

"कोणती? पहिली की राखीव?"

"मला काय माहीत? निळी आहे. छान आहे. वर बघा तरी."

मी बघितलं. बघितलं म्हणजे चष्मा पुसेपर्यंत ती उतरलीसुद्धा. माळावर धावत आली, छत्री मागे फरफटत. छातीवर उशी जागच्या जागी. म्हणाली, "आजोबा, मान खाली केली की आकडा समोर. एकदासुद्धा शोधावा लागला नाही." मी विचारलं, "उतरल्यावर किती होतं?" म्हणाली, "शून्य." आणि तिनं मला मिठी मारली. मी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. बोललो असतो तर चुकलं असतं.

सोमवारी ती परवाना घेऊन बंगळूरला गेली. तिथं रजाच नाही, म्हणजे उडी नाही. मी म्हटलं, चला, आता रविवारी सुखानं वर्तमानपत्र वाचू. तर बुधवारी कुलदीप सरांचा फोन. शिबिरातल्या बाकीच्यांनाही तशीच उशी हवी आहे. मी नाही म्हणणार होतो, पण फोन कुमुदनं घेतला होता. आता आमच्या ओटीवर अकरा हार्नेस टांगलेत. बुधाजी नारळ निवडून ठेवतो, सारख्या वजनाचे. आणि मला त्या अकराही जणांची नावं पाठ झाली आहेत, वजनं पाठ झाली आहेत, कुणाची आई कुठं राहते तेही. शिबिराचा रविवार आला की सकाळी सहापासून मी अंगणात येरझाऱ्या घालतो. पूर्वी एकीसाठी घालायचो.

काल कुमुदला म्हटलं, हे बरोबर नाही, एवढ्या लोकांची काळजी माझ्यानं होत नाही.

ती मशिनवरून वर न बघता म्हणाली, "अहो, शिवायचं मी, नारळ टांगायचे बुधाजीनं, उडी मारायची त्यांनी. घरात तुम्हालाही काहीतरी काम नको का?"