‘पंचगंगा’ बोटीचं शेवटचं अक्षर

आधी व्यवहार सांगतो, मग बाकीचं. दिवस दसऱ्याच्या आधीचा रविवार, जागा कसबा बावड्यातलं आमचं घर, वरची खोली. रक्कम एकशे एक रुपये, रोख, काम पुरं झाल्यावर. हजर माणसं चार, मी दिनकर, माझी बायको मंगल, माझा दोस्त सलीम पेंटर आणि त्याची बायको शमीमभाभी. काम काय, तर मी केलेल्या लाकडी बोटीला रंग द्यायचा आणि वर नाव घालायचं. चहा पीत ठरलं, हसत हसत ठरलं, पण ठरलं ते ठरलं. मी आकड्याचा माणूस हाय पावणं, मला तोंडी व्यवहारबी चोख लागतो.

आमचं मूळ गाव जयसिंगपूरच्या पलीकडं. वडील सुतार, बैलगाडीची चाकं करायचे. माझ्या वक्ताला लोकं ट्रॅक्टर घ्याय लागली, वडील म्हटले चाकं आता कोण करून घेणार, तू फौंड्रीत जा, तिथंबी लाकडाचं काम असतंय. म्हणून मी कोल्हापूरला आलो आणि पॅटर्नमेकर झालो. पॅटर्न म्हणजे काय सांगतो. लोखंडाचा भाग ओतायचा असला तर आधी तसाच लाकडाचा करायचा, तो वाळूत दाबायचा, वाळूत ठसा उठतो, लाकूड अलगद काढून घ्यायचं आणि त्या पोकळीत तापलेलं लोखंड सोडायचं. लोखंडाचा पंप जगात जातो, आणि लाकूड माळ्यावर धूळ खात पडतं. आता ते कामबी कॉम्प्युटरच्या मशीनवर हुतंय, मला दुरुस्तीला तेवढं बोलवत्यात. तर एकदा जेवताना मी मंगलला म्हटलं, अगं, उभं आयुष्य लाकूड कोरलं, पण लाकडाचं लाकूडच ऱ्हायलं असं एक काय हातनं झालं न्हाय. ती म्हटली, मग पोळपाट करा, माझा चिरलाय. मी बोट केली. पोळपाट अजून झालेला न्हाय.

बोटच का, असं सगळेच इचारत्यात. रत्नागिरीला भाचीच्या लग्नाला गेलतो, तिथं धक्क्याला एक जुनी बोट लागलेली. वऱ्हाड जेवायला बसलं आणि मी धक्क्यावर उभा. काय सांगू तुम्हाला, एवढा मोठा जिन्नस, पण कुठं सरळ रेघ न्हाय, नाक वळलेलं, पोट फुगलेलं, तळ आत गेलेला. सरळ रेघ एकच, पाण्याची. तिच्याखाली लाल, वर काळा, आणि दोन्हीच्या मधे पांढरा पट्टा, दोरी धरून मारल्यागत. तेवढं डोळ्यात घेऊन मी परत आलो. पयल्या बोटी बारक्या केल्या, चुकल्या, एक नातलगाच्या पोरानं हौदात बुडवली. गल्लीतली लोकं म्हणायची, दिनकरराव, कोल्हापुरात समुद्र कुठं हाय, रंकाळ्यात सोडणार काय. मी म्हणायचो, व्हय, तुम्हाला बशिवतो पयलं.

ही बोट मात्र मनावर घेऊन केलेली. कोकणात पूर्वी प्रवासी न्यायची तसली, एक धुराडं, दोन मजले. शंभरास एक ह्या मापात, म्हणजे खरी दोनशे फूट असली तर आपली दोन फूट. लाकूड फौंड्रीनं जळणात काढलेल्या जुन्या पॅटर्नचं, त्यातले काही माझ्याच हातचे. आणि तिथं एक घोटाळा झाला, तो सांगायला पायजे. आम्हा पॅटर्नवाल्यांकडं मापाच्या दोन पट्ट्या असत्यात. एक तुमच्याकडं असती तशी. दुसरी शिंकेजची. लोखंड गार झालं की आक्रसतं, म्हणून पॅटर्न जरा मोठा करायचा असतो, तर त्या पट्टीवरचा इंचच मुळात जरा मोठा असतो. मी बोटीचं पोट केलं सवयीच्या पट्टीनं, शिंकेजच्या, आणि डेक केला साध्या पट्टीनं. बसवायला गेलो तर डेक पाव इंचानं तोकडा. मी कपाळाला हात लावून बसलो आणि सलीम खो खो हसतोय. म्हटला, थांब की भावा, बोट गार झाली की बसंल. शेवटी मी कडंनं पट्टी भरली. आता शोधल्याबिगर दिसत न्हाय.

ह्यो सलीम, आमची वळख पंचवीस वर्षांची. राजारामपुरीत अर्ध्या दुकानांचे बोर्ड त्याच्या हातचे हुते, मग फ्लेक्स आले आणि बोर्ड गेले. मशीननं आम्हा दोघांना एकदमच घरी बशिवलं म्हणा. पण त्याच्या उस्तादाचा एक नियम हाय, तो त्यानं कधी सोडला न्हाय. बोर्डावरचं शेवटचं अक्षर पैसे हातात पडल्यावरच काढायचं. राजारामपुरीत एका हॉटेलवाल्यानं पैसे थकवले तर सहा म्हैने ‘हॉटे’ एवढाच बोर्ड लटकत हुता. लोकं त्याला हॉटेवालाच म्हणायची. शेवटी हात जोडून पैसे घेऊन आला.

तर सलीमनं रंग सुरू केला. मी ठोकळ्यावर पेन्सिल बसवून पाण्याची रेघ सभोवार आखून दिली आणि म्हटलं, चिकटपट्टी लावून घे. त्याला राग आला. म्हटला, टेप लावूनच रेघ मारायची तर पेंटर कशाला पायजे, तुझ्या मंगलला सांग की. मंगल म्हटली, मी मारतो की, एकशे एक मलाच द्या. सलीमनं श्वास धरला आणि एका दमात पट्टा मारला. हात असा पक्का, जरा थरथरला न्हाय. आणि पट्टा माझ्या पेन्सिलीच्या एक सूत खाली. मधनं उतरला आणि नाकापाशी परत वर चढला. मी बघितलं, त्यानं बोट लांब धरून बघितली आणि म्हटला, झकास. हात थकलेल्या माणसाची रेघ थरथरती, ही थरथरत नव्हती. ही पक्की हुती, पण दुसऱ्याच जागी. ती दोघं गेल्यावर मंगल हळूच म्हटली, अवो, रेघ वाकडी हाय. मी म्हटलं, व्हय. ती म्हटली, बोलू नका. मी म्हटलं, न्हाय.

मग शमीमभाभी एकदा दळण घेऊन जाताना थांबली, तिनं सांगितलं. ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, पिकलाय. डॉक्टर म्हटले लांबवू नका, आत दाब वाढला तर पुढं अवघड. आणि ह्यांचं एकच, दिनूची बोट झाली की करतो. भाऊजी, तुमची बोट कधी हुणार?

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. कारण बोट हुतच नव्हती. धुराडं पिवळं केलं, वाळलं, तर म्हणायचा छटा जमली न्हाय, खरवडून परत. खिडक्यांच्या चौकटी पांढऱ्या, परत खरवडून मलईच्या. मी रंगाचा हिशेब ठेवणारा माणूस, मला वाटायचं ह्याला एवढा रंग लागतोय कशाला. तो नुसता येळकाढूपणा हुता.

शेवटी खरवडाय काय उरलं न्हाय. नाव घालायचं ऱ्हायलं. नाव आम्ही ठरवलं हुतं ‘पंचगंगा’, आपल्या गावची बोट, आपल्या नदीचं नाव. त्यो खारीच्या केसाचा बारका ब्रश घेऊन बसला. अक्षर हरभऱ्याच्या डाळीएवढं. मी म्हटलं दिसंल का, तर म्हटला, अक्षर डोळ्यात नसतं लेका, हातात असतं. आणि खरंच, पं, मग च, सगळी सुबक, जराशी खाली कललेली तेवढीच. ‘पंचगं’ एवढं काढलं आणि ब्रश खाली ठेवला. मला नियम ठाऊक. मी शंभराची नोट काढली, वर रुपया ठेवला, त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं बघितलंबी न्हाय. ठेव, म्हटला, घाई काय हाय. मी म्हटलं, तुझाच नियम. तो म्हटला, नियम माझा, मोडायचा तर मीच मोडणार, आणि ब्रश धुवाय लागला.

शमीमभाभी दारात हुती. म्हटली, पैसे घेतले तर अक्षर काढायला लागंल, अक्षर काढलं तर बोट झाली, बोट झाली तर डोळा. म्हणून घेत न्हाईत ते.

सलीम ब्रशाकडं बघत म्हटला, दिनू, आमच्या अब्बांचा डोळा केलता. गावाकडं, लई वर्षांमागं. पट्टी सोडली तवा मी शेजारी हुतो. अब्बा म्हटले, दिवा लावा की रे कुणीतरी. दुपारचे बारा वाजले हुते. मग म्हटला, हे अक्षर काढलं आणि माझंबी तसंच झालं, तर हेच माझं शेवटचं.

मला धीर द्याय जमत न्हाय पावणं. आता ऑपरेशनं सुधारली, सगळ्यांची हुत्यात, हे त्याला दहाजणांनी सांगून झालेलं. मी काय केलं, समोरचे एकशे एक उचलले आणि खिशात घातले. म्हटलं, बरं, मग पैसे मिळणार न्हाईत. आधी डोळा, मग अक्षर, मग पैसे. तंवर बोट अशीच, ‘पंचगं’. दारात मांडतो. येईल त्याला सांगतो, सलीम पेंटरनं काम अर्धं टाकलंय.

अरं चोरा, म्हणून तो उसळला. पेंटरनं अक्षर अडवायचं असतंय, गिऱ्हाइकानं पैसे अडवायचे नसत्यात, माझाच नियम माझ्यावर उलटवतोस व्हय! मंगल म्हटली, भाऊजी, मी सांगतो तुम्हाला, ह्यो माणूस अडवलेला पैसा सोडत न्हाय, जल्मभर बघतोय मी. शमीमभाभी हसली आणि पदरानं डोळे पुसाय लागली. मग तो खाली बसला. हळू आवाजात म्हटला, आणि न्हाईच दिसलं तर? मी म्हटलं, तर ह्या बोटीला शेवटचं अक्षर न्हाय. दुसऱ्या कुणाकडनं मी काढून घेणार न्हाय.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं रिक्षानं राजारामपुरीत डोळ्याच्या दवाखान्यात गेलो. आत न्यायच्या आधी नर्सबाई म्हटल्या, खिशातलं सगळं काढा. त्याच्या खिशात तो बारका ब्रश निघाला. कशाला आणलास म्हटलं, तर म्हटला, असू दे, आणि माझ्या हातात दिला. ऑपरेशन हुईस्तोवर मी तो ब्रश धरून बाकावर बसलो. केस मोडतील म्हणून खिशातबी घातला न्हाय.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. आम्ही त्याच्या तोंडाकडं बघतोय. तो सरळ समोर बघतोय. शमीमभाभीनं त्याचा हात घट्ट धरला. कितीतरी येळ गेला असं वाटलं. मग म्हटला, ह्या भितीला रंग कुणी दिलाय? ब्रशाचे पट्टे दिसत्यात की समदे. भाभी तिथंच रडाय लागली. नर्सबाईंना वाटलं काय चुकलं.

परवा, गुढीपाडव्याच्या आधी, तो घरी आला. नवा चष्मा, बारकं बघायचा. बोट उचलून खिडकीपाशी नेली. मग म्हटला, ही रेघ मी मारली? म्हटलं, व्हय. तुला दिसत हुतं? व्हय. मंगलवहिनीला? तिलाबी. मग बोलला न्हाईस. मी म्हटलं, मित्रा, माझा पाव इंच तू कुणाला सांगितलास काय? म्हटला, सगळ्या बावड्याला सांगितला की!

मग त्यानं पालिशकागद मागितला, पट्टा घासून परत मारतो म्हटला. मी बोट काढून घेतली. म्हटलं, काम ठरलंय त्यातलं एक अक्षर बाकी हाय, परत रंगवायचं ठरलेलं न्हाय. तो म्हटला, अरं, वाकडी रेघ माझ्या नावावर ऱ्हाणार. म्हटलं, ऱ्हाऊ दे, डेक माझ्या नावावर हाय. त्यानं एकदा रेघेकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग ब्रश मागितला. मी जपून ठेवलाच हुता. त्यानं ‘गा’ काढला. आधीची अक्षरं खाली कललेली आणि हे ताठ उभं. तुम्हीबी जाताना बघा, शोकेसमधी हाय, एका नजरेत कळतंय.

मी तीच शंभराची नोट आणि तोच रुपया पुढं केला. त्यानं नोट उजेडाला धरली आणि वरच्या बारक्या बारक्या ओळी मोठ्यानं वाचाय लागला. भाभी म्हटली, पैसे घ्या आता, वाचत काय बसलाय. तरी पुरी वाचली.

डावा डोळा अजून ऱ्हायलाय, पावसाळा झाला की करायचा हाय. भ्या वाटत न्हाय असं तो म्हणतो. मी नवीन बोटीचं लाकूड बघून ठेवलंय, अवंदा साधीच पट्टी घ्यायची. मंगल म्हणती, आधी पोळपाट. करतो म्हटलंय.

तर हिशेब असा. शंभर रुपये सलीम पेंटरला रोख दिले, त्यानं ते तिथंच शमीमभाभीच्या हातात घातले. वरचा रुपया त्यानं माझ्या तळहातावर परत ठेवला. म्हटला, ह्यो माझा इसार, दुसऱ्या बोटीचं नाव मीच घालणार, दुसऱ्या कुणाला काम दिलंस तर बघ. रुपया माझ्याकडं जमा हाय.