पंधरावी सीट

—नाही हो मावशी, झोपलेली नाही, नुसती डोळे मिटून पडते. लबाड आहे. गालाला बोट लावा — लावा, काही होत नाही — बघा, उघडले. बोफा नाव. परवाच सात महिने पूर्ण झाले. सरका अशा सावलीत, कांपोंग चामच्या गाडीला वेळ आहे अजून, ती त्या उसाच्या रसवालीपुढे लागते आणि ड्रायव्हर असा ओरडतो की चुकायची नाही तुमची. आमची ही पांढरी, प्रेय वेंगची, आमच्या गावाकडे जाणारी. पुढच्या खिडकीत चौकटीचा पंचा डोक्याला गुंडाळून बसलीय ना, ती माझी आई. जागा जाईल म्हणून आठपासून आत बसलीय, भट्टी झाली असेल आतमध्ये, पण हलायला तयार नाही. आणि गाडी तरी कुठे हलतेय, पंधरा माणसं भरल्याशिवाय तो चावी फिरवत नाही. चौदा झालीत. आत्ताच मोजून आले. मी नाही जात हो, मला अकराला मशिनवर बसायचंय. ही जातेय.

किती दिवस म्हणजे — दिवस असे नाहीत ना धरलेले. शाळेत घालायची होईल तोवर राहील. आमच्या गावात सगळी पोरं आज्यांजवळच वाढतात, आया इथे शिवणावर आणि बाप कुठे कुठे, हिचा थायलंडात बांधकामावर आहे — त्यात नवल काही नाही. मला रुखरुख लागलीय ती दुसरीच. मी नऊला गाडी निघेल असं धरलं होतं. हा बघा कागद, लिहूनच आणलंय — साडेआठ पाजणे, पावणेनऊ लंगोट बदलणे, आठ पन्नास आईच्या हातात, नऊला गाडी, सव्वानऊला मशिन. मधली दहा मिनिटं निरोपाला ठेवली होती. गाडी भरायला लागणारा वेळ मात्र धरलाच नाही. लहानपणापासून याच गाड्यांतून येतेजाते, एक गाडी ठरल्या वेळेला निघालेली बघितली नाही, आणि कागदावर लिहिताना विसरले. मग धावत जाऊन कारखान्याच्या गेटवर अकरापर्यंतची सुटीची चिठ्ठी करून आणली. काय म्हणालात? — नाही, बसा हो, घाई नाही तुमच्या गाडीची.

ही लिहायची सवय वर्गातली. कारखान्यात वर्ग घेतला ना आमचा, वेळ कसा वाचवायचा त्याचा, शनिवारी जेवणाच्या सुट्टीत. चष्मेवाली बाई यायची, गोड बोलायची. सगळ्यांना निळी वही दिली. दर अर्ध्या तासाला काय केलं ते खरं खरं लिहायचं, आणि ज्याने वेळ खाल्ला त्याच्याखाली लाल रेघ मारायची. माझ्या शेजारच्या मशिनवर चेंदा बसते, तिने पहिल्याच दिवशी पूर्ण महिन्याची वही भरून टाकली, सगळीकडे ‘शिवण, शिवण, शिवण’. मला म्हणाली, अगं येडे, असल्या वहीत खरं कोण लिहितं? पण मी सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर चांगलं आहे माझं, आणि वही कोरी दिसली की मला राहवत नाही — मी लिहिलं सगळं. कॉलर बसवायचं काम माझं. तासाला साठ व्हायला हव्यात, माझ्या अठ्ठेचाळीस व्हायच्या. आमचा करार तीन-तीन महिन्यांचा, पुढच्या महिन्यात संपतो, आणि साठच्या खालच्यांना परत बोलवत नाहीत. मग काय करणार. दोऱ्याची रिळं आदल्या दिवशीच लावून ठेवायला लागले. केस कापले. पाणी प्यायचं सोडलं, कारण पाणी नाही तर संडास नाही, त्यात दिवसाची सतरा मिनिटं वाचली. सत्तावन्नवर आले. बाईंनी पाठ थोपटली. दूध आटत आलं — ते कुठे लिहायचं कळेना, वहीत तसा रकाना नव्हता.

नाही नाही, रडत नाहीये, घाम आहे. — आणि राहिला काय, तर पाजायचा तास. पाजणाऱ्या बाईला मूल वर्षाचं होईपर्यंत रोज एक तास सुटी असते, ती कायद्यातच आहे, कोणी हिसकावून घेत नाही. पाळणाघरसुद्धा आहे आमच्याकडे. कुलूप असतं त्याला. बाहेरचे पाहुणे येतात त्या दिवशी उघडतात, आमच्यातल्या दोघीतिघींना पोरं मांडीवर देऊन बसवतात, मीही बसलेय एकदा. तिथल्या बाहुल्यांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, बोफा ते चाटत होती. एरवी मी खोलीवर जायची. बारा मिनिटं जायला, बारा यायला, मध्ये ही, आणि परतल्यावर हात लयीत यायला पुन्हा वेळ. शेजारीण सांभाळायची तिला झोळीत टाकून. रोज वहीत यायचं — ‘बाळ’, एक तास. ‘बाळ’, एक तास. वरपासून खालपर्यंत सगळं पान नीट झालं होतं, तेवढीच ओळ डोळ्यांत सलायची.

आईला सांगू नका हां मावशी. तिला मी सांगितलंय, साहेबांनी सांगितलं, पोर गावी ठेव नाहीतर काम सोड. ती साहेबांना शिव्या देत देत आलीय गावाहून. कोणी नव्हतं सांगितलं. खरंच कोणी नाही. मीच लाल रेघ मारली. पट्टी ठेवून मारली, वाकडी जाऊ नये म्हणून. शेवटच्या वर्गात बाईंनी माझीच वही वाचायला लावली सगळ्यांपुढे, मी उभी राहून वाचलं, ‘बाळ गावी पाठवणे — रोज एक तास शिल्लक’. टाळ्या वाजल्या. मोठ्याने वाचताना मला कळलं मी काय लिहिलंय ते, पण तोवर टाळ्या वाजत होत्या. भिंतीवरचं घड्याळ दिलं मला बक्षीस. चेंदाने नाही वाजवल्या.

आणि सोमवारी फळ्यावर साठ पुसून पासष्ट लिहिलं. सगळ्या लाइनला. लाइन लीडर म्हणाला, कुंथिआला — म्हणजे मला — बाळंतपणानंतर जमतंय तर तुम्हाला काय धाड भरलीय. तेव्हापासून चेंदा माझ्याशी बोलत नाही, डब्यातलं लोणचं पुढे सरकवायची तेही बंद. आता बोफाला पाठवून मी साठ करीन, एकसष्टही करीन, पासष्ट कुठून आणू? ते परवाच समजलं होतं मला. पण आई निघाली होती तोवर. वहीही बाईंनी नेली, दुसऱ्या कारखान्यात दाखवायला.

तुम्हाला खरं सांगू? सकाळपासून मी त्या ड्रायव्हरला बोलतेय, चल की बाबा, माझी चिठ्ठी संपतेय — आणि रस्त्यावरून कोणी पिशवीवाला आला की मनात म्हणते, पुढे जा, पुढे जा. मघाशी एक बाई आली बदकं घेऊन, मला वाटलं झालं, हीच पंधरावी. तिने भाडं विचारलं आणि गेली. मी हिचा हात धरून बसले होते तो दाबला गेला एवढा, ही कळवळली. आज कोणालाच प्रेय वेंगला जायचं नसेल, असं होतं कधी? होत असेल ना. एखाद्या दिवशी. मग मी कारखान्यात सांगेन, गाडीच भरली नाही, माझा काय दोष —

का बघतोय तो ड्रायव्हर इकडे? तुम्हालाच हाक मारतोय. मावशी, तुम्ही मघापासून काहीतरी म्हणत होता, मीच बोलू दिलं नाही. — कुठे जायचंय तुम्हाला?

प्रेय वेंग.

आणि पाऊण तास इथे बसून राहिलात. हिच्यासाठी गाडी अडवून धरलीत. — नको, सांगू नका काही. समजलं मला. नाही, पुढच्या गाडीने कशाला, पुढच्या गाडीने जाऊन काय होणार आहे, पंधरा मिनिटं राहिलीत माझी. उठा. पिशवी मी आणून देते, तुम्ही हिला घ्या. अशी नाही, बुडाखाली हात — हां. मनगटातला लाल दोरा सैल वाटला तरी सोडू नका. आईच्या शेजारची सीट आहे ती, उन्हाची आहे, आईचा पंचा हिच्यावर ओढून घ्या. आणि माझ्याकडे तोंड करून धरू नका तिला, खांद्यावर नको, पुढे धरा, गाडीकडे बघत. असंच. जा आता. जा म्हणते ना.