बिनसहीचा कागद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय प्राचार्य, व्यासपीठावर विराजमान संस्थेचे पदाधिकारी, आजचे सत्कारमूर्ती क्रीडा शिक्षक, आपल्या सर्वांचे शिट्टी सर, त्यांच्याबरोबर अगत्याने आलेल्या वहिनी, प्राध्यापक मंडळी, माझे कार्यालयातले बंधुभगिनी, आणि दाराशी घोटाळत असलेले, चहा आल्याशिवाय आत न येणारे आजी-माजी विद्यार्थी!

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी चिठ्ठीत 'पाच'खाली दोन रेघा मारल्यात. मॅडम, राग मानू नका, पण मला जास्त लागणार आहेत. मी अठ्ठावीस वर्षांत या व्यासपीठावर पहिल्यांदाच चढले आहे, त्यामुळे उरलेली मिनिटं त्यातून वळती करून घ्या.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी प्रवेश विभागाची मुख्य लिपिक. खिडकी क्रमांक तीन. मुलं मला भिंगबाई म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण माझे कान चांगले आहेत. भिंग मी रोज वापरते, आजही पर्समध्ये आहे. शिक्का खरा की खोटा, तारखेतला तीनचा आठ केलाय का, हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. माणूस गोड बोलायला लागला की माझ्या मनात पाल चुकचुकते. आणि माझा एक नियम सगळ्या कॉलेजला पाठ आहे: सही नसलेला कागद माझ्या खिडकीतून आत येत नाही. प्राचार्यांचा रजेचा अर्ज मी एकदा परत पाठवला होता. साहेब हसताहेत, म्हणजे आठवतंय त्यांना.

आत्तापर्यंतच्या वक्त्यांनी सरांचं भरभरून कौतुक केलं. ढाली, चषक, शिस्त. पण एक गोष्ट कुणी बोललं नाही आणि ती इथल्या जुन्या प्रत्येकाच्या मनात आहे. सरांच्या सेवापुस्तकात एक शेरा आहे. 'खेळाडू प्रवेशाच्या नोंदी चौकशी समितीस सादर केल्या नाहीत.' त्या शेऱ्यापायी सर उपप्राचार्य झाले नाहीत. आज पाच वाजता त्यांची सेवा संपेल आणि तो शेरा कायमचा राहील. त्याबद्दल मला बोलायचं आहे.

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. आपल्याकडे सर्वसाधारण यादी चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर बंद होते. खेळाडूंसाठी बारा जागा, आणि तिथे पन्नास टक्के पुरतात. पन्नास! पलीकडे चौऱ्याऐंशीवाली मुलगी रडत घरी जाते आणि अलीकडून पन्नासवाला बूट वाजवत आत येतो. यावरून माझं आणि सरांचं पहिल्या वर्षापासून वाजलं. मी म्हणायची, "सर, वर्ग काय मैदानात भरतात का?" सर म्हणायचे, "बाई, तुमच्या मुलीला पेपर कठीण गेला तर ती पुढचा प्रश्न घेते. माझ्या पोराला पुढचा प्रश्न नसतो." मी म्हणायची, "हे ऐकायला बरं आहे, पण गुणपत्रिकेवर दिसत नाही." हा वाद अजून मिटलेला नाही. आज सत्कार आहे म्हणून मी माघार घेणार नाही. पन्नास मला आजही कमीच वाटतात.

पण माझा खरा संशय वेगळा होता. आमच्याकडे कागद तपासून प्रवेश होतो. सरांकडे कागद आणला तरी पुन्हा धावून दाखवावं लागायचं, फेकून दाखवावं लागायचं. त्याची नोंद सर एका लांबट वहीत करायचे, आणि आमच्याकडे फक्त निवडलेली बारा नावं यायची. बाकी कोण आलं, कोण गेलं, का गेलं, काही पत्ता नाही. मी वही मागितली की म्हणायचे, "बाई, ती मैदानाची वही आहे, कार्यालयाची नाही." आता सांगा, ज्याला लपवायचं काही नाही तो माणूस वही का लपवेल? मी हाच प्रश्न कित्येक वर्षं दुपारच्या डब्याबरोबर चघळला.

सतरा वर्षांपूर्वी माझी मुलगी बारावी झाली. तिला याच कॉलेजात यायचं होतं. चौऱ्याऐंशी टक्के मिळाले, आणि यादी साडेचौऱ्याऐंशीला बंद झाली. प्रतीक्षा यादीत पहिली. ती यादी मीच फळ्यावर लावली हो, स्वतःच्या हाताने, चार टाचण्या टोचून. आणि पुढच्याच आठवड्यात सरांची बारा नावं आली. बारावं नाव एका भाला फेकणाऱ्या मुलीचं, एक्कावन्न टक्के. तिच्या प्रमाणपत्राचा शिक्का इतका ताजा होता की बोटाला शाई लागली. माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच.

त्या महिन्यात संस्थेकडे एक निनावी पत्र आलं. खेळाडूंच्या जागा विकल्या जातात, क्रीडा शिक्षकांची वही तपासा. जुन्यांना आठवत असेल. त्रिसदस्यीय समिती बसली. समितीने वही मागितली. आणि आपले सर, ज्यांनी आयुष्यात कधी एक सेकंद इकडचा तिकडे केला नाही, ते समितीपुढे उभे राहून म्हणाले, "वही सापडत नाही."

मी बाहेरच्या बाकावर बसले होते. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? सापडला, असं वाटलं मला. पैसे घेतल्याचा पुरावा कुठे मिळाला नाही, पण शेरा पडला. चार वर्षं निवड चाचणी सरांकडून काढून घेतली. स्टाफरूममध्ये सर आले की गप्पा थांबायच्या. इथे बसलेल्या पुष्कळांनी थांबवल्यात. माझ्याकडे नका बघू, एकमेकांकडे बघा.

आता गेल्या मंगळवारकडे येते. निवृत्तीपूर्वी जुन्या वह्या आमच्या विभागात जमा करायच्या असतात. सर खिडकीशी आले आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा ठेवला. "बाई, आता या तुमच्या." मी वरची तारीख बघितली. त्याच वर्षाची वही!

"सर, ही सापडली वाटतं?"

"सापडली."

"कुठे?"

"जिथे ठेवली होती तिथेच." आणि पोचपावतीवर माझी सही घेऊन निघून गेले.

मी खिडकी बंद केली. भिंग काढलं. म्हटलं, सतरा वर्षांनी का होईना, पकडते.

पहिल्या पानावर एक मुलगा. राज्य पातळीचं प्रमाणपत्र, एका मोठ्या माणसाची शिफारस. सरांचा शेरा: 'दोरीवर चढता येत नाही. नाकारला.' हा मुलगा कुणाचा पुतण्या, ते वाचत नाही. अध्यक्ष महाराज, पाणी घ्या, ग्लास आपल्या डाव्या हाताला आहे. पुढे अशीच आणखी तीन वजनदार पत्रं, तिघेही घरी. मग ती भाला फेकणारी मुलगी. तिची फेक तीनदा मोजलेली, आणि टेप धरायला तिच्याशीच स्पर्धा असलेली दोन मुलं. त्या दोघांच्या सह्या! मी अठ्ठावीस वर्षांत इतकी कडक तपासणी केलेली नाही. ती मुलगी आज या सभागृहात आहे, उद्यापासून सरांची शिट्टी तिच्या गळ्यात असणार आहे. बाळ, मी सतरा वर्षं तुझ्या नमस्काराला नीट उत्तर दिलं नाही. ते का, हे तुला आज कळलं.

मग मी पान उलटलं आणि माझ्या मुलीचं नाव दिसलं.

माझी मुलगी! बसथांब्यापर्यंत चाललं की जिला धाप लागते! आठशे मीटर धावण्यात जिल्ह्यात दुसरी, असं प्रमाणपत्र पानाला टाचलेलं. ते मी उलटं केलं. मागे कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक 'न' होता. तो 'न' माझा. 'न' म्हणजे नमुना. खोटी प्रमाणपत्रं ओळखता यावीत म्हणून मी प्रत्येक क्रीडा संघटनेकडून शिक्का मारलेला एक कोरा नमुना मागवून ठेवते, आणि घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर त्यांचा अभ्यास करते. त्यातलाच एक तिने उचलला आणि भरला. माझ्या संशयाचं सामान घरात पडलं होतं, ते वापरलं पोरीने.

खाली सरांचं अक्षर. 'पाऊण फेरीनंतर खाली बसली. पाणी दिले. कागद ठेवून घेतला. मुलीस समज दिली. कार्यालयास कळवू नये.'

खोटं प्रमाणपत्र सापडलं तर तीन वर्षं कुठल्याही कॉलेजात प्रवेश नाही, हा नियम आपल्याकडे आहे. माझा लाडका नियम. तोवर मी तो अकरा मुलांना लावला होता. ती वही समितीपुढे गेली असती तर बाराव्या नंबरावर माझी मुलगी असती. म्हणून वही सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांना मैदानावर गाठलं. विचारलं, "मला का नाही सांगितलंत?" सर दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही नियम लावला असता, बाई. सतरा-अठरा वर्षांची पोर ती." मी म्हटलं, "आणि ते निनावी पत्र कुणी लिहिलं, ठाऊक आहे?" सर हसले. "निनावी पत्राच्या तळाशी 'सोबत जोडलेले कागद: निरंक' असं लिहिणारं या कॉलेजात दुसरं कोण आहे?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि रोज सकाळी माझ्या खिडकीपाशी थांबून म्हणायचे, "काय बाई, बरं आहे ना?" मला वाटायचं, टोमणा मारतात.

होय. ते पत्र मी लिहिलं. आता मागे कुजबुज करायला हरकत नाही.

मुलगी आज शेवटच्या रांगेत बसली आहे. ती दुसऱ्या कॉलेजात शिकली, औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे, दिवसभर दोष शोधते. आईवर गेलीय. मी म्हटलं, मी तुझं नाव काढणार नाही. तर म्हणाली, "आई, सांग. नाहीतर मी माइक घेईन. मला वाटत होतं सरांनी तुला तेव्हाच सांगितलंय आणि तू मुद्दाम गप्प बसलीस. इतकी वर्षं मी तुला घाबरून राहिले." मला रडूच कोसळलं. मग विचारलं, "अगं, पण निवड झाली असती तर कागद माझ्याच टेबलावर आला असता ना?" ती म्हणाली, "मला वाटलं, तिथवर पोचले की तू सही करशील."

केली असती का मी? तेव्हापासून हाच विचार करते आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर संशय घेतला, आता हा एक माझ्यावरच येऊन बसलाय आणि भिंगातून काही दिसत नाही.

सरांनी केलं ते नियमात बसत नाही. मी हे त्यांच्या तोंडावर सांगितलंय. पण शेरा त्यासाठी पडलेला नाही. तो पडला माझ्या पत्रामुळे, आणि पत्रातली एकही ओळ खरी नव्हती.

प्राचार्य महोदय, प्रत ठेवल्याशिवाय मी कागद पाठवत नाही. ही त्या पत्राची प्रत. त्याखाली मी आज चार ओळी लिहिल्या आहेत, वरील मजकूर खोटा असून शेरा रद्द व्हावा, म्हणून. माझ्यावर जी कारवाई करायची ती करा, मी सोमवारी खिडकीवर हजर आहे. एक गोष्ट मात्र तेव्हा राहून गेली होती, ती तुमच्यादेखत करते. कुणी पेन देता का? आभारी आहे.

ही माझी सही. आजची तारीख. वेळ, चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. साहेब, आवक क्रमांक घाला, पाचच्या आत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. वेळ जास्त घेतला, बोलण्यात मागेपुढे झालं असेल, ते आपण पोटात घालाल. सर, तुम्हाला मात्र तेवढ्यावर सोडायला सांगत नाही. सतरा वर्षांची माफी मागते आहे. द्या किंवा देऊ नका. पण आज कागदावर सही आहे.