आठ की चार?

चौकशीच्या खोलीबाहेर शिपाई स्टुलावर बसला होता. समोरच्या बाकावर एक ट्रकड्रायव्हर आणि त्याची गणित शिकवणारी भाची. मामाची नोकरी राहणार की जाणार, ते आज आत ठरायचं होतं.

“मामा, मोडक्या कुंपणाचा फोटो दुपारी चारचा, हे त्यांनी ठरवलं कसं?”

“खांब मोजला, त्याची सावली मोजली. त्यावरून सूर्याचा कोन, कोनावरून वेळ. आणि मी गाडी आत घातली बाराला. बसलं कुंपण मोडल्याचं खापर माझ्यावर!”

“कसलं बसतंय! टॅन इन्व्हर्सनं कोन आला तीस, तो बरोबर. पण सूर्यनारायण तेवढ्या उंचीवर दोनदा येतो. चढताना आठला, उतरताना चारला. कोनावरून वेळ काढताना कॅल्क्युलेटरचं इन्व्हर्सचं बटण बिचारं दोनातलं एकच उत्तर देतं.”

“मग आठच कशावरून?”

“फोटोत सावली कुणीकडे पडलीय?”

“पंपघराकडे.”

“आणि पंपघर?”

“पश्चिमेला. अरे देवा! म्हणजे ऊन पूर्वेचं, सकाळचं! कुंपण मी यायच्या आधीच मोडलेलं!”

“हेच आत सांगा. मान वर करून सांगा.”

शिपाई त्यांना बोलवायला मघाशीच उठला होता. आता त्यानं दार सताड उघडलं.

“चला, ड्रायव्हरसाहेब.”